दार लावून घातलेली वेणी

माझी वेणी अण्णा घालायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. हे मी आज कुणापुढेही खणखणीत सांगते. लग्नकार्यात बायकांच्या घोळक्यात सांगते, सासरी तर मुद्दाम सांगते. कुणी हसलं तर हसू दे. जिथं हे सांगायला हवं होतं तिथं ते सांगितलं गेलं नाही, आणि त्यापायी माझं साताऱ्याचं घर सुटलं.

साताऱ्यात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. अण्णांचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक ट्रॉलीत टाकून आणायचे. अण्णा आतली काळी पडलेली तार उपटून काढायचे आणि तांब्याची नवी तार वेढा वेढा करून भरायचे. त्यांची बोटं कायम वार्निशनं पिवळट-काळी असायची. रॉकेलनं पुसली, साबणानं घासली, तरी नखांच्या कडेला ते राहायचंच. त्याच बोटांनी ते माझा भांग असा सरळ पाडायचे की शाळेतल्या बाई विचारायच्या, पट्टी लावून पाडतेस काय गं? मी नुसती हसायचे. उत्तर द्यायची परवानगी नव्हती ना.

आई घरात होती तेव्हापासूनच हे काम अण्णांकडे होतं. आईचा हात जड. ती फणी घालायची ती थेट टाळूत, आणि मी असं भोकाड पसरायचे की शेजारी विचारायला यायचे. एकदा अण्णांनी तिच्या हातातून फणी काढून घेतली आणि तेव्हापासून ती त्यांच्याकडेच राहिली. न्हाऊ घालणं, नखं काढणं, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवणं, हेही हळूहळू त्यांच्याकडे गेलं. आईला त्याचं काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. तिला हिशेबाची, बोलण्याचालण्याची, दुकानातल्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्याची आवड होती, आणि अण्णांना तिनं दुकानात आलेलं चालायचं नाही. पोरीची वेणी घालणारा हा माणूस बायकोला दुकानाची पायरी चढू देत नव्हता. काय म्हणावं याला! त्यावरून दोघांची भांडणं व्हायची. एकदा ती सांगलीला माहेरी गेली ती परत आली नाही. मला नेणार होती, पण मला नेमक्या कांजिण्या आल्या होत्या. बरी झाल्यावर बघू, असं ठरलं. मी बरी झाले आणि तिथंच राहिले.

सकाळी वेणीची वेळ झाली की अण्णा पुढचं दार लावून आतून कडी घालायचे. मग पाटावर बसून मला पुढ्यात घ्यायचे. तेल आधी स्वतःच्या तळव्यावर चोळून कोमट करायचे, मग केसांना लावायचे. दोन वेण्या, लाल रिबिनी, दोन्ही फुलं एका उंचीवर. मध्येच कुणी कडी वाजवली की फणी उशीखाली जायची, रिबीन माझ्या मुठीत यायची, आणि अण्णा घसा खाकरत दार उघडायला उठायचे. एकदा समोरच्या काकू साखर मागायला आल्या. माझी एक वेणी घातलेली आणि एका बाजूचे केस मोकळे. काकूंनी विचारलं, हे काय गं अर्धवट? मी म्हटलं, आत्या घालतेय, मोरीत गेलीय. आत्या तेव्हा होती रहिमतपुरात, तिच्या म्हशीच्या धारा काढत.

हे असंच सांगायचं म्हणून अण्णांनी मला पढवून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर वेणी आत्या घालते. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, रहिमतपूरच्या घरी एकटी राहायची. आई गेल्यावर अधूनमधून चार दिवस येऊन राहायची. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यानंही धड दिसायचं नाही, तांदळातले खडे मी निवडून द्यायचे. तरी आळीतल्या साऱ्या बायका बिनघोर समजून चालल्या की एवढा सरळ भांग हीच पाडते. अर्धी आंधळी बाई चालेल, पण धडधाकट डोळ्यांचा बाप? छे, तो कसा पाडेल!

मग आईनं कोर्टात अर्ज केला. मुलगी माझ्याकडे द्या म्हणून. तिची चूक होती असं मी म्हणत नाही. तिला मी हवी होते. आणि नुसती हवी असणं पुरत नव्हतं, माहेरच्या लोकांत रोज तिला ऐकून घ्यावं लागत होतं की पोर टाकून आलीस, कसली आई तू. हे तिनंच मला खूप उशिरा सांगितलं.

अण्णांनी साताऱ्यातला एक वयस्कर वकील धरला. वकिलांनी पहिल्या भेटीतच विचारलं, घरात बाई कोण आहे? अण्णा म्हणाले, कुणी नाही, मीच सगळं बघतो. वकिलांनी चष्मा काढला आणि सांगितलं, हे आता इथं बोललात ते बोललात, पुन्हा बोलू नका, घरात बाई आहे हे दाखवता आलं तरच काही आशा. झालं. आत्याची म्हैस भावकीतल्या कुणाच्या तरी दावणीला गेली आणि आत्या तिची ट्रंक घेऊन आमच्याकडे कायमची राहायला आली. तिलाही वकिलांचं पटलं होतं. ती अण्णांना रोज बजावायची की चार लोकांत बायकी कामांची जाहिरात करू नको, आपली भावकी अजून हाय, तोंड दाखवायचं हाय तिथं.

तारखेच्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, आज वेणी मी घालणार. कोर्टाला आपल्या हातची वेणी दिसू दे, असं तिच्या मनात असावं. मी बसले बिचारी पुढं. भांग नागमोडी, एक वेणी कानाजवळ, दुसरी मानेवर. आरशात बघून मी रडायला लागले. अण्णांनी आत्याच्या हातातली फणी घेतली. उठले, कडी घातली, दोन्ही वेण्या सोडल्या आणि पहिल्यापासून घातल्या. घालता घालता मागूनच म्हणाले, "जज्जसाहेब तुला आत बोलवतील. घाबरायचं न्हाई. इचारतील ते खरं खरं सांगायचं. तिथं खोटं बोलायचं नसतं."

मला एकदम मोकळं वाटलं. इतके दिवस काकूंना, बाईंना, सगळ्यांना आत्या-आत्या सांगून मी कंटाळले होते. आज एकदाचं खरं सांगायला मिळणार होतं.

कोर्टात रहिमतपूरची भावकी आली होती. आमच्याकडे अशा वेळी माणसं जातात, नुसती बसतात, त्यानं वजन पडतं म्हणतात. फेटेवाले पाच-सहा जण, त्यांच्यात अण्णांचे चुलतेही. पलीकडच्या बाजूला आई, तिचा भाऊ आणि सांगलीची आजी. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. आईनं लांबून हात केला, मीही केला. तिच्या जवळ जावंसं वाटलं आणि गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं, पण दोन्हीकडचे लोक माझ्याकडेच बघत होते.

आत काय झालं ते मला आत्यानं सांगितलं. एकदा नाही, ती जिवंत होती तोवर दर वेळी सांगायची. आईच्या वकिलांनी अण्णांना दुकानाचं विचारलं, उघडायची वेळ, बंद करायची वेळ, जेवण कोण करतं. मग म्हणाले, जरा हात दाखवा. अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. वकील म्हणाले, हे काळं कसलं? वार्निश, अण्णा म्हणाले. वकिलांनी ते हात सगळ्यांना दिसतील असे धरले आणि विचारलं, "या हातांनी पोरीची वेणीफणी, न्हाणं-धुणं तुम्हीच करता की काय?"

लोक हसले. भावकीही हसली. आत्या म्हणायची, तुझ्या बापानं एकदा मागं वळून चुलत्याकडं बघितलं, तवाच मी वळखलं.

"छ्या," अण्णा म्हणाले, "मी कशाला? ती बायकांची कामं. आमची बहीण हाय की घरात."

आत्याचं म्हणणं, तिला त्या क्षणी अभिमान वाटला. भावानं नाक राखलं. आपले वकीलही मान डोलवत होते. एवढी सगळी शहाणी माणसं तिथं बसलेली, आणि हा आपल्याच हातानं आपला गळा कापतोय हे एकालाही कळलं नाही. मला आजही त्या खोलीचा संताप येतो. अण्णांचाही येतो. लय येतो.

त्यानंतर मला आत नेलं, साहेबांच्या खोलीत. तिथं फक्त साहेब आणि एक टंकलेखक होते. साहेब वाईट नव्हते. केस पिकलेले, आवाज मऊ. मला खुर्चीवर बसवलं, बिस्किट दिलं, कितवीत आहेस विचारलं. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, छान वेणी घातलीय, कुणी घातली?

"अण्णांनी," मी म्हटलं.

ते थांबले. टंकलेखकाकडे बघितलं. परत विचारलं, आज अण्णांनी घातली का? मी सांगितलं, रोज अण्णाच घालतात. न्हाऊपण तेच घालतात. आत्याला दिसत नाही. मला वाटलं, मी किती चांगलं सांगतेय! सगळं खरं, एकही थाप नाही. साहेबांनी आणखी मऊ आवाजात विचारलं, असं सांग म्हणून तुला कुणी सांगितलं बाळ?

आता याचं खरं उत्तर काय द्यायचं? अण्णांनी सांगितलं होतं खरं खरं सांग म्हणून. मी तेच सांगितलं. म्हटलं, अण्णांनी.

साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. आणखी एक बिस्किट दिलं.

निकाल उन्हाळ्यात लागला. वकिलांनी घरी येऊन समजावला. मुलीला बापानं पढवून आणलेलं दिसतं, असं कोर्टाचं मत पडलं होतं. बाप स्वतः कबूल करतो की पोरीचं सगळं बहीण करते, बहीण म्हातारी, तिला दिसत नाही हे मुलगीच सांगते, आणि उद्या मुलगी वयात येणार. मग आई असताना आत्या कशाला? वकील असंही म्हणाले की साहेबांनी अगदी सरळ विचार केलाय, वाईट वाटून घेऊ नका. महिन्यातला एक रविवार भेटीसाठी मिळाला होता. अण्णांनी एवढंच विचारलं, पोरगी खरं बोलली होती, हे आता जाऊन सांगता येईल का? वकील म्हणाले, मग तुम्ही शपथेवर खोटं बोललात असं होईल. आत्या पदर तोंडात धरून मोरीत जाऊन उभी राहिली.

मी सांगलीला निघाले त्या दिवशीही अण्णांनी कडी घातली, मग वेणी घातली. नेहमीपेक्षा घट्ट घातली. टाळू दुखली. ती वेणी मी सांगलीत कुणाला सोडू दिली नाही. आईनं समजावलं, रागावली, मी डोक्यावर दोन्ही हात धरून बसायचे. केसांतून वास यायला लागला तेव्हा आजीनं मी झोपलेली असताना ती सोडली. सकाळी उठून मोकळे केस हाताला लागले आणि मी आजीला चावले. बिचारी आजी. तिनं मला मारलं नाही.

सांगलीत आई मामाच्या एसटीडी बूथवर बसायची. सकाळी लवकर जायची, रात्री फोनचे दर कमी झाल्यावर गर्दी व्हायची म्हणून उशिरापर्यंत बसायची. पिवळ्या बोर्डाखाली काचेच्या खोलीत बसून मीटर बघत लोकांशी हसून बोलणारी आई मला तिथं पहिल्यांदाच दिसली. तिला ते काम झकास जमायचं. माझं काही जमायचं नाही. डबा भरताना भाजीचं तेल दप्तरात सांडायचं, शाळा कधी आणि सुट्टी कधी हे तिच्या ध्यानात राहायचं नाही, आणि वेणी तर काय विचारूच नका. फणी हातात घेतली की आम्ही दोघी आधीच चिडलेल्या असायचो. आणि सगळे तिला म्हणायचे, आई आहेस ना, मग येईल की. न यायला काय झालं? येत नव्हतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी अण्णा सकाळच्या गाडीनं यायचे. आजीच्या घरात पाय ठेवायचे नाहीत. आई मला सांगलीच्या स्टँडवर आणून सोडायची, दोघं एकमेकांकडे न बघता, गाडी वेळेवर आली का, आली, एवढंच बोलायचे. मग अण्णा मला गणपतीला न्यायचे, घाटावर न्यायचे, भडंग घेऊन द्यायचे. माझ्या डोक्याकडे त्यांची नजर गेली की बोटं हलायची. वेणी पार विस्कटलेली असायची, भांग कुठल्या कुठं गेलेला. पण भोवती माणसं असायची. ते फक्त रिबिनीची गाठ आवळून द्यायचे आणि म्हणायचे, आईला म्हनावं जरा तेल लावत जा. मी एकदा म्हटलं, अण्णा, तुम्हीच घाला ना. ते इकडंतिकडं बघून म्हणाले, हितं? मला समजलं. हितं कडी नव्हती.

असं बरेच महिने चाललं. पावसाळा गेला, दिवाळी झाली. दिवाळीनंतर शाळेत सगळ्या मुलींच्या डोक्यात उवा झाल्या. माझ्याही झाल्या. आई रात्री बूथवरून येऊन कंदिलासारखा टेबललॅम्प जवळ ओढून उवा काढायला बसायची आणि बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. शेवटी एका शनिवारी तिनं मला न्हाव्याकडे नेलं. त्यानं मानेपर्यंत सगळं उडवलं. खाली फरशीवर पडलेले केस बघून आधी आईच रडली, मग मी. घरी येताना तिनं मला आईस्क्रीम घेऊन दिलं आणि म्हणाली, उद्या अण्णा येतील, त्यांना सांग, उवा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा गाडीतून उतरले ते हातात कापडी पिशवी घेऊन. आई मला सोडून वळली तशी ते मला गणपतीला न नेता थेट स्टँडवरच्या बाकाकडे घेऊन गेले. बाकावर माणसंच माणसं. खाली टोपली ठेवून एक पेरूवाली बसलेली. अण्णांनी बसल्यावर पिशवीतून एक एक वस्तू काढली. तेलाची लहान बाटली. आमची साताऱ्याची फणी. नव्या करकरीत लाल रिबिनी. तळव्यावर तेल घेतलं, चोळलं, आणि म्हणाले, बस पुढ्यात. सगळ्या स्टँडदेखत.

मी डोक्याला स्कार्फ बांधला होता. तो मी सोडला.

अण्णा तेलाचे हात तसेच धरून बघत राहिले. मी म्हटलं, उवा झाल्या होत्या, आईचा दोष नाही. ते म्हणाले, "न्हाई गं, आईचा कशाला." मग त्यांनी ते तेल वाया जाऊ दिलं नाही. माझ्या त्या तोकड्या केसांना लावलं, मुळापासून टोकापर्यंत, टोक लगेच यायचं. फणीनं मधोमध भांग पाडला, एका ओळीत सरळ. रिबिनी बाकावर तशाच पडून होत्या.

पेरूवाली मघापासून बघत होती. तिनं विचारलं, "पोरीला आय न्हाई व्हय, भाऊ?"

"हाय की," अण्णा म्हणाले. आवाज जरा मोठा होता, शेजारच्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. "आय हाय. पन हिची वेणी पहिल्यापास्नं मीच घालायचो. न्हाऊ बी मीच घालायचो. सगळं मीच करायचो."

मला वाटलं, आता हसतील. पेरूवालीनं एक पेरू पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"मग बरं केलंसा की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं."

बाकावरची माणसं परत आपापल्या गाडीकडे बघायला लागली. कुणी हसलं नाही. अण्णा "व्हय" म्हणाले. त्यांच्या हातातली फणी त्यांनी पिशवीत ठेवली नाही, नुसती धरून बसले. मी पेरू खात होते. त्या दिवशी आम्ही गणपतीला गेलो नाही, घाटावरही नाही. दुपारी आई मला न्यायला आली तेव्हा साताऱ्याची गाडी फलाटाला लागली होती. ती भरली आणि सुटली. अण्णांचा पाय निघेना, ते त्यानंतरच्या गाडीनं गेले.